आतली कडी

बांधकाम खात्यात ३३ वर्षं काढली. रस्ते केले, मोऱ्या बांधल्या, एका तहसील कचेरीचं छप्पर तीनदा गळलं म्हणून तीनदा बोलणी खाल्ली. पण सगळ्यात जास्त विचार मी कशाचा केला असेल, तर तो न्हाणीघराच्या कडीचा. चार इंचांची कडी. आमच्या दरसूचीत तिच्या नावाला स्वतंत्र ओळही मिळत नाही. दरवाजाच्या बाबीत 'आवश्यक त्या सर्व सामानासह' या शब्दांत ती गुंडाळलेली असते.

२००९ साली माझी बदली झाली ती एका मनोरुग्णालयाची देखभाल ज्या उपविभागाकडे होती तिथे. रुग्णालय कुठलं ते सांगत नाही. कचेरीतल्या मंडळींनी हमखास व्हायचा तो विनोद केला: "काय साहेब, ठाणे का येरवडा?" आपल्याकडे या दोन गावांची नावं घेतली की पुढचं वाक्य बोलावंच लागत नाही. मीही हसलो. त्याआधी मी असल्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं, आणि ही बदली म्हणजे कुणीतरी माझ्यावर काढलेला राग आहे अशी माझी खात्री होती.

आवार इंग्रजी अमदानीतलं. जुन्या चिंचा, दगडी कुंपणभिंत, लांबच लांब बराकी. खिडक्या जमिनीपासून सहा फुटांवर. म्हणजे उजेड येतो, वारा येतो, पण आतल्या माणसाला आभाळाच्या तुकड्याशिवाय काही दिसत नाही. तुरुंग बांधणाऱ्या खात्यानेच हीही कामं केली होती, आणि तो हात लपत नव्हता. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टच्या काळातली ती समजूत: माणूस बरा होणं पुढची गोष्ट, तो बाहेर जाता कामा नये. भिंती मात्र उत्तम. शंभर वर्षांत एक भेग नाही. आमच्या खात्याचा माणूस आधी तेच बघतो.

दुसऱ्या वर्षी स्त्रियांच्या एका वॉर्डात पहाटे एक घटना घडली. बाई वाचली. काय झालं, कशाने झालं, ते लिहिणार नाही. त्या तपशिलाचा वाचणाऱ्याला उपयोग नसतो, आणि ज्याचे दिवस वाईट चाललेत त्याला त्याने अपाय होतो. सकाळी अकराला फोन आला, दुपारी पत्र: वॉर्डातील सर्व धोकादायक वस्तू तात्काळ निष्कासित करून अनुपालन अहवाल सादर करावा.

मी एक वेल्डर, एक सुतार आणि दोन मजूर घेतले आणि सात दिवसांत वॉर्ड सोलून काढला. खुंट्या गेल्या, दोऱ्या गेल्या, आरसे गेले, न्हाणीघरांच्या आणि संडासांच्या आतल्या कड्या गेल्या. भिंतीतून अर्धा इंच बाहेर आलेलं जे काही दिसलं ते कापलं. मोजमाप पुस्तिकेत 'काढून टाकणे' या बाबीखाली इतकी पानं मी त्याआधी कधी भरली नव्हती. पाहणीला आलेल्या वरिष्ठांनी पाठ थोपटली. खरं सांगतो, त्या रात्री मला छान झोप लागली.

तीन आठवड्यांनी गळतीच्या तक्रारीसाठी गेलो, तर वॉर्डातल्या मावशींनी मला दारातच अडवलं. सरकारी दवाखान्यात कामाच्या बायकांना सगळे मावशी म्हणतात आणि पुरुषांना मामा. या मावशी तिथे माझ्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं होत्या. म्हणाल्या, "साहेब, सगळं नेलंत ते नेलंत. आता परकर कुठं वाळत घालायचे तेवढं सांगा."

मला उत्तर सुचेना. त्या आत घेऊन गेल्या. पावसाळ्याचे दिवस. ओले परकर, ओले टॉवेल खाटांच्या कडेला, उशांखाली, जमिनीवर. दमट, कोंदट वास. सिस्टरांनी नोंदवही उघडून दाखवली: खाज, गजकर्ण, पुन्हा खाज. अर्धओले कपडे अंगावर घालून पन्नासेक बाया महिनाभर फिरत होत्या, कारण मी खुंट्या आणि दोऱ्या काढल्या होत्या. काढायला हव्यात हे बरोबरच होतं. फक्त त्या तिथे कशासाठी होत्या, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

उत्तर मला नदीवर मिळालं. घाटावर बायका धुणं दगडांवर पसरतात ना, तसं. वॉर्डामागच्या अंगणात, जिथे दुपारपर्यंत ऊन असतं तिथे, शहाबादी फरशीचे उतरते, कमरेएवढे ओटे बांधले. काहीही टांगायचं नाही, नुसतं पसरायचं. तापलेल्या फरशीवर परकर दोन तासांत कडक वाळे. मला अपेक्षा नव्हती असं आणखी एक झालं. ज्या बाया खाटेवरून उठत नसत त्यातल्या काही आपले कपडे राखायला उन्हात येऊन बसू लागल्या, आणि बसल्या की बोलू लागल्या. पावसाळ्याचं उत्तर मात्र मला कधीच धड सापडलं नाही. कपडे वाळवायच्या यंत्राचा प्रस्ताव दोन वर्षं टेबलं फिरला, आणि यंत्र आलं तेव्हा त्याला लागणारा विजेचा पॉइंट त्या खोलीत नव्हता. तो काढून द्यायचं काम माझंच होतं, हेही सांगायला हवं.

कडीचं प्रकरण याहून वाईट.

त्या वॉर्डात एक आजी होत्या. साठीच्या पुढच्या, कोकणातल्या, बोलणं मोजकं. त्या आंघोळ करीनाशा झाल्या. चार दिवस, आठ दिवस. जबरदस्ती केली की ओरडत. केसपेपरवर नोंद झाली: स्वच्छतेकडे दुर्लक्ष, असहकार. औषधाचा डोस वाढवावा का, अशीही चर्चा झाली. मग एका रात्री सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या असताना आजी म्हणाल्या, "दार लागत नाही गो. कशी न्हाऊ?"

सिस्टरांनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आजी आजारी होत्या, त्यात वाद नाही. पण केसपेपरवर आजाराचं लक्षण म्हणून जे लिहिलं गेलं, ते मी पेचकस लावून तयार केलं होतं. बाकीच्या बायकांनी आपापली सोय लावली होती: एकजण आत असली की दुसरी दार धरून उभी राही, किंवा आतली बाई सारखी बादली वाजवत राही. चाळीत वाढलेल्या माझ्या आईनेही हे केलं असेल. आजींना दार धरणारं कुणी नव्हतं.

आता अडचण समजून घ्या. आतून कडी लागली की बाहेरच्याला आत जाता येत नाही, आणि या वॉर्डात कधीतरी क्षणात आत जावं लागतं. कडी नसली की बाई उघडी पडते. दोन्ही गोष्टी खऱ्या. परदेशी कॅटलॉगात याला तयार उत्तर होतं, त्याची किंमत मात्र अख्ख्या दरवाजाच्या तिप्पट. मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला दोन दिवस दुकानं पालथी घातली. शेवटी आमच्याच गावातल्या एका लेथवाल्याने करून दिली: आतून फिरवायची चपटी, गोल कडांची चकती, बाहेरच्या बाजूला एक खाच, तीत मावशींच्या गळ्यातली किल्ली घालून अर्धा वेढा दिला की उघडली. दरवाजे वरून-खालून तोकडे केले, म्हणजे पाय दिसतात, पण बाई दिसत नाही. बिजागऱ्या अशा बसवल्या की आत कुणी दाराला टेकून पडलं तरी दार बाहेरच्या बाजूला निघावं. एवढ्यासाठी तीन नमुने वाया गेले. लेखापरीक्षणात 'सदर बाब दरसूचीत नाही' असा आक्षेप आला, तो निस्तरायला त्या कडीपेक्षा जास्त कागद खर्ची पडला.

पहिल्या दिवशी आजींनी चकती फिरवली, उघडली, पुन्हा फिरवली. पाच-सहा वेळा. मग आत पाण्याचा आवाज आला.

पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या विसाव्या कलमात हे सगळं लिहिलेलं आहे: सुरक्षित आणि स्वच्छ जागा, खासगीपणा, स्वतःचे कपडे घालायचा हक्क, सक्तीने डोकं न भादरण्याचा हक्क. ते वाचलं तेव्हा आधी आजी आठवल्या. कलमात सुरक्षितता आणि खासगीपणा शेजारी शेजारी बसलेत. न्हाणीघराच्या दारात त्यांचं भांडण असतं, आणि ते सोडवायला सुतारच लागतो.

आतल्या कडीवर एवढा जीव काढला तेव्हा बाहेरच्या कडीकडे माझं लक्ष नव्हतं. ते अधीक्षक डॉक्टरांनी वेधलं. एका बैठकीत त्यांनी विचारलं, "इंजिनिअरसाहेब, रात्री आग लागली तर?"

एरवाडी मला पेपरातून माहीत होतं. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाच्या झापांच्या शेडला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जीव गेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि २०१७ च्या कायद्याच्या ९५ व्या कलमात साखळी कोणत्याही प्रकारे वापरायला बंदीच आली. आमच्याकडे साखळ्या नव्हत्या. पण डॉक्टर म्हणाले, "कुलूप म्हणजे सगळ्यांना मिळून घातलेली एकच साखळी. ती किती वेळात निघते, ते मोजा."

मोजलं. रात्री वॉर्डावर एक सिस्टर, एक मावशी. मावशींच्या जुडग्यात १४ किल्ल्या, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. दिवे घालवले आणि घड्याळ लावलं. मागचं दार उघडायला सहा मिनिटं लागली. कुलूप गंजलं होतं आणि योग्य किल्ली अकरावी निघाली. मावशी रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "माझी चूक नाही हो साहेब." चूक त्यांची नव्हतीच. सहा वर्षं ते दार कुणी उघडलं नव्हतं, आणि दर वर्षी आम्ही त्याला रंग मात्र देत होतो.

नंतरच्या महिन्यात त्या वॉर्डाची सगळी कुलपं एकाच किल्लीने उघडतील अशी बदलली, आणि किल्लीच्या कानाला कानसाने दोन खाचा पाडल्या, म्हणजे काळोखात बोटांना कळावं. मागचं दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं फिरवलं आणि आठवड्यातून एकदा ते उघडून त्यातूनच कपडे वाळवायला न्यायचे असं सिस्टरांनी ठरवलं. माझ्या सगळ्या सुधारणांत ही सिस्टरांची युक्ती मला सगळ्यात हुशार वाटते. वापरातलं दार गंजत नाही.

याच डॉक्टरांना काहीतरी वाचायला देण्याची खोड होती. कॅनडातल्या कियोशी इझुमी नावाच्या वास्तुविशारदाबद्दल त्यांनीच सांगितलं. १९५० च्या दशकात सस्कॅचवानमध्ये मनोरुग्णालयं आखताना, रुग्णांना इमारत कशी दिसत असेल हे कळावं म्हणून त्या गृहस्थाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी घेतलं आणि तो जुन्या इस्पितळांतून हिंडला. मी सरकारी नोकर, तेवढं धाडस माझ्याच्याने होणारं नव्हतं. मी रंगकामासाठी रिकाम्या केलेल्या एका बराकीत एक रात्र खाटेवर झोपलो, एवढंच.

झोपलो म्हणजे पडलो. बरोबर डोळ्यांवर ट्यूबलाइट, रात्रभर चालू, नियमच तसा. ट्यूबचा चोक घूं घूं करत होता. आणि दर तासाला शेजारच्या वॉर्डाचा अडसर सरकला की लोखंडावर लोखंड असं काही वाजे की छातीत धस्स व्हावं. मी शहाणासुरता माणूस, सकाळी घरी जाणार हे ठाऊक असलेला, तरी चौथ्या आवाजाला उठून बसलो.

सकाळी पुरुष वॉर्डाच्या मामांना हे सांगितलं तर ते हसले. "आमच्याकडचा वाजत नाही बघा." खरंच वाजत नव्हता. त्यांनी अडसराला सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली होती. कित्येक वर्षं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सरकारी मालमत्तेत फेरफार केला म्हणून विचारणा होईल अशी भीती. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच आणि सांगू लागले. इंग्लंडमध्ये यॉर्कला क्वेकर पंथाच्या लोकांनी १७९६ मध्ये 'रिट्रीट' नावाचं घर काढलं, माणसाला साखळीविना बरं करता येतं का हे बघायला. तिथे दारांचे अडसर चामड्यात मढवले होते, आवाज होऊ नये म्हणून. खिडक्यांच्या चौकटी लोखंडीच, पण लाकडी वाटाव्यात अशा केलेल्या. आमच्या मामांनी यॉर्कचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी पुढच्या अंदाजपत्रकात 'अडसरांस रबरी आवरण बसविणे' अशी बाब घातली आणि ट्यूबलाइटऐवजी रात्रीपुरते मंद, भिंतीलगतचे दिवे धरले. मामांना श्रेय मिळावं असा त्या तक्त्यात रकानाच नसतो.

खिडक्यांचं काम मात्र अर्धवट राहिलं. त्या उंच खिडक्यांखालची भिंत कापून उंबरठा बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आणायचा, अशी माझी सूचना होती. वरिष्ठ म्हणाले, दगडी भिंतीला हात लावायचा तो कशाला, झाडं बघायला? डॉक्टरांनी मला एक झेरॉक्स दिली. रॉजर उलरिच या संशोधकाचा १९८४ चा लेख. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्याने २३ जोड्या लावल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. ते कागद मी प्रस्तावाला जोडले. मंजुरी आली एका बराकीपुरती. आठ खिडक्या. गजांऐवजी न फुटणाऱ्या जाड पॉलिकार्बोनेटच्या तावदानी झडपा, चार बोटंच उघडणाऱ्या. बाहेर चिंच. उरलेल्या बराकींतून अजूनही आभाळच दिसतं.

त्याच काळात वॉर्डातल्या एका खांबामागचा कोपरा दिसत नाही म्हणून कॅमेरे बसवायचं ठरलं. बसवलेही. पडदा ठेवला कचेरीत, आणि रात्री कचेरी बंद. मी हे बैठकीत बोललो तेव्हा तो विषय माझ्या कार्यकक्षेत नाही असं मला कळवण्यात आलं. त्या कोपऱ्याची सोय शेवटी मावशींनी लावली: आपला स्टूल उचलून त्यांनी तिथे नेला. संध्याकाळी लसूण सोलायला, वाती वळायला बसायच्या तर तिथेच. भोवती दोघी-तिघी यायच्या. न दिसणारा कोपरा वॉर्डातला सगळ्यात राबता कोपरा झाला. पण स्टूलवर बसायला मावशी हवी, आणि त्या निवृत्त झाल्यावर ती जागा दीड वर्ष भरली गेली नाही. माझ्या कुठल्याच नकाशात ती दाखवता येत नव्हती.

राहता राहिला आरसा.

मी आरसे काढले तेव्हापासून त्या वॉर्डातल्या बायकांनी स्वतःला पाहिलं नव्हतं. केस विंचरायचे ते चाचपत, कुंकू लावायचं ते दुसरीकडून लावून घ्यायचं, नाहीतर ते कपाळाच्या कुठल्याही बाजूला जायचं. पाहुणा आला की तेच आधी डोळ्यांत भरतं आणि 'काय ही अवस्था' म्हणून तो हळहळतो. काचेचा आरसा परत लावणं शक्य नव्हतं. मी चकचकीत केलेला स्टीलचा पत्रा बसवला. खर्च कमी, फुटायची भीती नाही, मी खूश. दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा निरोप, काढा. पत्रा भिंतीवर किंचित फुगला होता आणि त्यात चेहरा लांबट, हलता दिसत होता. एक मुलगी, वीस-बावीसची, आपलं तोंड बदललंय असं आधीच ज्या आजाराने तिला सांगितलं होतं, ती त्या पत्र्यासमोर उभी राहून किंचाळली होती. मी स्वतः गेलो आणि उतरवला. त्या मुलीच्या डोळ्याला डोळा द्यायचं माझं धाडस झालं नाही.

दुसरा केला ॲक्रिलिकचा, जाड प्लायवर पूर्ण चिकटवून, भिंतीच्या पातळीत, कडेला बोट शिरणार नाही असा. चिकटवण्याआधी माझ्या घरी न्हाणीत आठ दिवस लावून त्यात दाढी केली. चेहरा सरळ दिसतो याची खात्री झाल्यावरच नेला. तरी पहिले दोन दिवस सिस्टर तिथे उभ्या राहिल्या.

निवृत्तीच्या आधी काही महिने एक तपासणी होती. आदल्या दिवशी मी फेरी मारली. ठेकेदाराचा पोरगा हातात पत्री घेऊन आरशापाशी उभा. आरशाची चौकट खालपासून वरपर्यंत टिकल्यांनी भरली होती, लाल, तपकिरी, काळ्या, एक हिरवी, खड्याची. घरोघरच्या आरशावर असतात तशा. झोपताना काढून लावलेल्या, सकाळी पुन्हा घ्यायच्या. पोरगा म्हणाला, "साहेब, हे खरवडून घेऊ ना? उद्या मोठे साहेब येणारेत."

मी म्हटलं, पत्री खाली ठेव, आणि तिकडच्या मोरीची जाळी बघून ये.